आतबट्ट्याचा नाच

21 मे 1982 च्या रात्री मँचेस्टरमध्ये एक नवा क्लब उघडला, तेव्हा मंचावर बोलावलं होतं बर्नार्ड मॅनिंग या विनोदवीराला. मॅनिंग म्हणजे कामगारवस्तीतल्या क्लबांमध्ये ओंगळ आणि बरेचदा वंशद्वेषी विनोद सांगून नाव कमावलेला जाडजूड गृहस्थ. समोर उभी होती ती पंक ऐकून वाढलेली, मॅनिंगच्या नावानेच नाक मुरडणारी पोरं. त्याला बोलावण्यातला उपरोध मालकांना फार आवडला होता. बाकी कोणाला तो कळला नाही. त्यात ध्वनियंत्रणा इतकी भिकार की त्याचे शब्द मागपर्यंत पोचेनात. असं सांगतात, की कार्यक्रम आटोपल्यावर मॅनिंगने आपली बिदागी मालकांना परत केली आणि 'हा धंदा तुमचं काम नव्हे' अशा अर्थाचं काहीतरी सुनावून तो हसत निघून गेला.

त्याला त्यातलं कळत होतं. मँचेस्टरमध्येच त्याचा स्वतःचा क्लब होता. हा नवा क्लब पुढे पंधरा वर्षं चालला. खरं तर चालला म्हणण्यापेक्षा चालवला गेला, आणि तोही बहुतेक काळ दुसऱ्याच्या खिशातून. हासिएंडा हे त्याचं नाव. नाचाच्या आधुनिक संगीताचा इतिहास लिहिणाऱ्या कोणालाही त्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही. 1990 च्या जुलैत अमेरिकेच्या 'न्यूजवीक'ला मँचेस्टरमधल्या नाचाच्या उन्मादाची दखल घ्यावीशी वाटली, ती बरीचशी या एका इमारतीमुळे. पण तिची गोष्ट नीट समजायची तर गाण्यांइतकंच एका रुक्ष प्रश्नाकडे लक्ष ठेवावं लागतं : पैसे कोण भरत होतं?

मराठी माणसाला मँचेस्टर माहीत असतं ते कापडामुळे, आणि तो धागा इथे अगदीच गैरलागू नाही. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिथला कापूस अडला, तेव्हा लँकेशरच्या गिरण्यांकडे मुंबई बंदरातून कापसाचे गठ्ठे जाऊ लागले आणि त्या पैशाने मुंबईत सट्ट्याची लाट उसळली. शंभर-सव्वाशे वर्षांनी दोन्ही शहरांवर एकाच सुमारास अवकळा आली. 1970 च्या दशकात मँचेस्टरमधल्या गिरण्या आणि लाल विटांची गोदामं ओस पडली होती, बेकारी वाढत होती. आणि हासिएंडा उघडला त्याच 1982 साली, 18 जानेवारीला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले होते.

ओसाड शहराचा एक फायदा असतो. जागा स्वस्त मिळते.

ही जागा शोधणाऱ्या मंडळींचा म्होरक्या होता टोनी विल्सन. केंब्रिजमध्ये शिकलेला, ग्रॅनाडा टेलिव्हिजनवर बातम्या आणि मुलाखती करणारा, त्यामुळे मँचेस्टरच्या घराघरात ओळखीचा चेहरा. 1978 मध्ये त्याने ॲलन इरॅस्मस या मित्राबरोबर 'फॅक्टरी' या नावाने संगीताच्या रात्री भरवायला सुरुवात केली आणि त्यातूनच फॅक्टरी रेकॉर्ड्‌स ही कंपनी उभी राहिली. मुखपृष्ठांचा रचनाकार पीटर सॅव्हिल, ध्वनिमुद्रणाचा किमयागार मार्टिन हॅनेट आणि जॉय डिव्हिजन या बँडचा व्यवस्थापक रॉब ग्रेटन हे तिचे बाकीचे खांब. कंपनी म्हणावी असं तिच्यात फारसं काही नव्हतं. नफा कलावंतांबरोबर निम्मा-निम्मा वाटायचा आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क कलावंतांकडेच ठेवायचे, असा तिचा खाक्या होता. एरवी रेकॉर्ड कंपन्या गायकांना ज्या कलमांनी बांधून घेतात, ती इथे उलटी लिहिली होती.

फॅक्टरीला आणखी एक खोड होती. निघालेल्या प्रत्येक गोष्टीला क्रमांक द्यायचा, आणि तो फक्त ध्वनिमुद्रिकांना नव्हे. भित्तिपत्रकाला क्रमांक, क्लबाला क्रमांक (51), क्लबातल्या मांजराला क्रमांक (191), ग्रेटनच्या दातांच्या उपचाराला क्रमांक (99). हॅनेट चिडून कंपनीविरुद्ध कोर्टात गेला तर त्या दाव्यालाही क्रमांक 61. हिशेबाच्या वह्यांवर याच्या दहाव्या हिश्शाइतकी मेहनत घेतली असती, तर पुढचं बरंच टळलं असतं.

या कंपनीचं सगळ्यात मोलाचं धन म्हणजे जॉय डिव्हिजन हा बँड. त्याचा गायक इयन कर्टिस याने मे 1980 मध्ये, अमेरिकेच्या दौऱ्यावर निघायच्या तोंडावर, आत्महत्या केली. तो तेवीस वर्षांचा होता. उरलेले तिघे, बर्नार्ड समनर, पीटर हूक आणि स्टीव्हन मॉरिस, यांनी नाव बदललं, जिलियन गिल्बर्टला सोबत घेतलं आणि न्यू ऑर्डर म्हणून पुन्हा उभे राहिले. न्यूयॉर्कला कार्यक्रमांसाठी गेल्यावर ही मंडळी तिथल्या क्लबांमध्ये रमली. पॅराडाइज गराज, डान्सटेरिया, फन हाउस. तिथे गोरे-काळे, श्रीमंत-फाटके एकाच जमिनीवर नाचत होते. एकीकडे डीजे तबकड्या वाजवतोय, मध्येच एखादा बँड येऊन गातोय. मँचेस्टरच्या क्लबांमध्ये तेव्हा टाय नसेल तर दारातून परत पाठवायचे. ग्रेटनच्या डोक्यात बसलं, की न्यूयॉर्कसारखा क्लब आपल्याकडेही हवा. विल्सनला असल्या कल्पनांना नाही म्हणायची सवयच नव्हती.

पैसे अर्थातच फॅक्टरी आणि न्यू ऑर्डर यांनी घातले. म्हणजे मोठा वाटा जॉय डिव्हिजनच्या तबकड्यांतून आलेला. कर्टिसच्या आवाजाने मिळवलेल्या पैशातून नाचाची जमीन घातली गेली. बँडमधली मंडळी तेव्हा आठवड्याच्या बेताच्या पगारावर जगत होती, आणि आपण नेमके कशात किती गुंतलो आहोत याचा त्यांना अंदाज नव्हता. व्यवस्थापकावर विश्वास होता. तो पुरेसा वाटत होता.

व्हिटवर्थ स्ट्रीट वेस्टवर, रॉचडेल कालव्याच्या काठी, पूर्वी नौकांच्या विक्रीसाठी वापरलेली एक गोदामवजा इमारत मिळाली. नाव विल्सनने उचललं ते इव्हान श्चेग्लोव या तरुणाने 1953 मध्ये पॅरिसमध्ये लिहिलेल्या एका टिपणातून. भावी शहरं कशी असावीत याबद्दलच्या त्या स्वप्नाळू मजकुरात, जिथे मुळं लेकराचा विचार करतात अशा एका वाड्याचा उल्लेख होता. आतल्या तीन बारना केंब्रिजमध्ये शिकलेल्या आणि सोव्हिएत रशियासाठी हेरगिरी करणाऱ्या ब्रिटिश हेरांवरून नावं दिली. विद्यापीठातल्या उनाड, हुशार मुलांचे विनोद असतात तसे हे विनोद.

रचनेचं काम बेन केलीकडे गेलं, आणि त्याने केलं ते खरोखर नवं होतं. त्या काळचे नाइटक्लब म्हणजे मखमल, आरसे, मंद दिवे आणि प्लॅस्टिकची पामची झाडं. केलीने गोदामाचं गोदामपण लपवलं नाही. छताचे पोलादी खांब नाचाच्या जमिनीच्या मधोमध येत होते. ते झाकता येणार नव्हते, म्हणून त्याने त्यांवर कारखान्यात धोक्याच्या जागी मारतात तसे काळे-पिवळे पट्टे ओढले. जमिनीच्या कडेने रस्त्यावर असतात तसे बुटके खांब आणि रात्री चमकणारे 'कॅट्स आय' बसवले. यंत्रं थांबलेल्या शहरात यंत्रशाळेची वेशभूषा करून नाचायचं, ही कल्पना आज जगभरच्या कॅफेंनी इतकी झिजवली आहे की तिचा पहिलेपणा जाणवत नाही. 1982 मध्ये ती धक्का देणारी होती. खर्च मूळ अंदाजाला कुठल्या कुठे मागे टाकून साडेतीन लाख पौंडांच्या घरात गेला.

दिसायला देखणी आणि ऐकायला वाईट अशी ती इमारत होती. उंच छत, कडक भिंती, कडेला मंच. बँड वाजू लागला की आवाज भिंतींवर आपटून परत यायचा. हिवाळ्यात आत इतकी थंडी की लोक कोट घालून उभे राहायचे. पहिली तीन-चार वर्षं आठवड्यातल्या बहुतेक रात्री क्लब रिकामा असे. दीडेक हजार माणसांच्या जागेत काही डझन माणसं इकडेतिकडे विखुरलेली. आज ज्यांच्या नावावर हासिएंडाचा इतिहास मिरवला जातो ते कार्यक्रम याच काळातले. द स्मिथ्स इथे 1983 मध्ये तीनदा वाजले. त्यांच्या गायकाने, मॉरिसीने, या कारखानी करडेपणाला उत्तर म्हणून फुलं आणवली होती. जानेवारी 1984 मध्ये 'द ट्यूब' या दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी अमेरिकेहून आलेली एक होतकरू गायिका इथे नाचत गायली. तिचं नाव मॅडोना. ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवरचा तिचा तो सुरुवातीचा प्रयोग. समोरच्या मँचेस्टरकरांनी तिच्याकडे पाहिलं ते हात खिशात घालून. आइनश्टुर्झेन्डे नॉयबाउटेन या जर्मन बँडने तर कार्यक्रमाचा भाग म्हणून ड्रिल मशीन चालवलं आणि थेट इमारतीलाच लावलं.

तोटा भरून काढणारं पाकीट एकच होतं. मार्च 1983 मध्ये न्यू ऑर्डरची 'ब्लू मंडे' आली. बारा इंची सिंगल तबकड्यांमध्ये ब्रिटनमधली ती आजवरची सर्वाधिक खपाची. सॅव्हिलने तिचं वेष्टन संगणकाच्या फ्लॉपी डिस्कसारखं, जागोजागी कातरलेलं केलं होतं, आणि ते छापायला इतकं महाग पडायचं की प्रत्येक प्रतीमागे कंपनीला तोटा होई, अशी कथा विल्सन रंगवून सांगत असे. तोट्याचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो, तेव्हा ती कथा सावधपणेच घ्यावी. पण गाणं गाजत होतं, बँड जगभर फिरत होता, आणि मिळकतीतला मोठा भाग घरी येण्याऐवजी व्हिटवर्थ स्ट्रीटच्या बारमध्ये आटत होता, यात वाद नाही. कलेला राजाश्रय असतो हे आपण ऐकतो. इथे चार वादक एका अख्ख्या शहराच्या नाचाचे आश्रयदाते झाले होते, आणि ही गोष्ट त्यांना धड माहीतही नव्हती.

चित्र पालटलं ते 1986 पासून, आणि ते बँडमुळे पालटलं नाही. शिकागोच्या वेअरहाउस नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स हा डीजे डिस्कोच्या तबकड्या कापून, जोडून, ड्रम मशीनच्या ठोक्यावर चढवून वाजवायचा. त्या क्लबाच्या नावावरून या संगीताला 'हाउस' म्हणू लागले, असं बहुतेक जण मानतात. डेट्रॉइटमध्ये डेरिक मे आणि त्याच्या मित्रांनी त्याचाच कोरडा, यंत्रासारखा भाऊबंद तयार केला : टेक्नो. या तबकड्या कृष्णवर्णीय तरुणांनी घरच्या खोलीत बसून स्वस्तातल्या यंत्रांवर बनवलेल्या होत्या, आणि त्यांच्या स्वतःच्या देशाने त्यांच्याकडे फारसं लक्ष दिलं नव्हतं. हासिएंडात दर शुक्रवारी 'न्यूड' नावाची रात्र चालवणाऱ्या माइक पिकरिंगने ही तबकडी वाजवली, मग ती, मग दुसरं काही वाजवणंच कमी केलं. 1988 मध्ये ग्रॅम पार्क त्याच्या जोडीला आला. गुरुवारी डेव्ह हॅस्लम विद्यार्थ्यांच्या गर्दीसाठी गिटार आणि हाउस यांची सरमिसळ करू लागला. कित्येक वर्षं रिकामी पडलेली जमीन शिगोशीग भरली. ज्या इमारतीत बँडचा आवाज विस्कटायचा, तिथे डीजेचा घणघणीत ठोका मात्र छान घुमला.

इथे एक आडवळण घ्यायलाच हवं, कारण ते आपल्याला मुंबईत आणून सोडतं. हाउसच्या 'ॲसिड' नावाच्या शाखेचा प्राण म्हणजे रोलंड कंपनीचं टीबी-303 हे छोटं जपानी यंत्र. एकट्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून ते बनवलं, त्या कामात ते सपशेल आपटलं आणि जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळू लागलं. शिकागोच्या फ्युचर या त्रिकुटाने त्याची बटणं वेडीवाकडी पिळून जो चिरकणारा आवाज काढला, तो 1987 मध्ये तबकडीवर आला आणि पुढच्या वर्षी मँचेस्टर त्यावर नाचलं. पण त्याच्या कितीतरी आधी, 1982 मध्ये, हेच यंत्र मुंबईत चरणजित सिंग यांच्या हाती होतं. हिंदी चित्रपटसंगीतात अनेक वर्षं वाजवणाऱ्या या वादकाने टीबी-303 च्या जोडीला टीआर-808 हे ड्रम मशीन जुंपून दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर बांधले आणि ग्रामोफोन कंपनीने त्याची तबकडी काढली. ती खपली नाही. 2010 मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा ऐकणाऱ्यांचे कान टवकारले : हे तर ॲसिड हाउस, शिकागोच्या पाच वर्षं आधीचं! शिकागोच्या पोरांनी ती तबकडी ऐकली होती असा दावा करण्यात अर्थ नाही. तेच यंत्र, तीच सतत चालणारी लय आणि सुरांची ठरलेली चौकट; दोन ठिकाणी दोघांना सारखं सुचलं. फरक इतकाच, की मुंबईत त्या तबकडीभोवती एखादा हासिएंडा नव्हता. सिंग 2015 मध्ये मुंबईत वारले. त्याआधी म्हातारपणी त्यांना युरोपातल्या तरुणांसमोर ते राग वाजवायला मिळाले.

1988 च्या उन्हाळ्यात हासिएंडात बुधवारची 'हॉट' नावाची रात्र सुरू झाली. नाचाच्या जमिनीलगत पोहण्याचं टाकं ठेवलं, घामाने निथळणाऱ्या गर्दीला बर्फाच्या कांड्या वाटल्या. या उन्हाळ्याचं खरं इंधन मात्र एक गोळी होती. एक्स्टसी. ब्रिटनमध्ये ती 1977 पासून सगळ्यात कडक बंदीच्या वर्गात होती, तरी ती आली. ती घेतलेली माणसं तासन्‌तास नाचत, अनोळखी माणसांना मिठ्या मारत, भांडणं विसरत. आणि दारू पीत नसत. क्लबाचा धंदा म्हणजे दारूचा धंदा. तिकिटातून डीजेचा पगार निघतो, नफा बारमधून येतो. हासिएंडात आता पाय ठेवायला जागा नव्हती आणि लोक पाणी पीत होते. गोळ्यांचे पैसे दारात आणि कोपऱ्यांत उभ्या असलेल्या दुसऱ्याच मंडळींच्या खिशात जात होते. पंधरा वर्षांतला हा सगळ्यात गर्दीचा काळ, आणि त्यातही मालकांच्या हाती लागलं ते थोडंच. न्यू ऑर्डर स्वतः तेव्हा इबिझा बेटावर ध्वनिमुद्रणाला गेले आणि काम थोडं, नाच जास्त करून परतले. तरी त्यातून पुढे आलेला 'टेक्निक' हा आल्बम 1989 च्या आरंभी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. पाकीट पुन्हा भरलं. पुन्हा रिकामं व्हायला.

तोट्याचा हिशेब मांडताना जमेची बाजूही बघावी लागते. ती क्लबाच्या वहीत दिसत नाही, इतकंच. फ्रान्समधला मोठा डीजे लोराँ गार्निये 1987 मध्ये इथेच तबकड्या वाजवत होता. पुढे केमिकल ब्रदर्स म्हणून गाजलेले टॉम रोलंड्‌स आणि एड सिमन्स 1989 मध्ये मँचेस्टर विद्यापीठात दाखल झाले, त्यात या क्लबाचं आकर्षण होतंच. पिकरिंगने पुढे एम पीपल हा बँड काढला आणि तो चांगलाच चालला. स्टोन रोझेस, हॅपी मंडेज या बँडांची गिटारं नाचाच्या ठोक्यावर डुलू लागली ती याच जमिनीवर वावरल्यामुळे. सदऱ्यांचे छापखाने, तबकड्यांची दुकानं, केशकर्तनालयं, ओल्डहॅम स्ट्रीटवरचे बार असा सगळा व्यवहार क्लबाच्या अवतीभवती वाढला. 1989 मध्ये फॅक्टरीने त्याच रस्त्यावर 'ड्राय' नावाचा स्वतःचा बारही काढला. गावात पैसा येत होता. तो क्लबात थांबत नव्हता, एवढंच.

1989 च्या जुलैत इथे आलेली एक सोळा वर्षांची मुलगी गोळी घेतल्यानंतर कोसळली आणि दगावली. ब्रिटनमध्ये एक्स्टसीशी जोडलेल्या अगदी पहिल्या मृत्यूंपैकी हा एक. आनंदाच्या उन्हाळ्याच्या आठवणी काढणाऱ्या लेखांत हा प्रसंग घाईने उरकण्याची पद्धत आहे. पण आत काय चाललं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, मालकांनाही, आणि ते थोपवण्याचा गंभीर प्रयत्न तोवर कोणी केला नव्हता. पोलिसांनी परवाना काढून घेण्याची मागणी लावून धरली. क्लबाने बाजू मांडायला जॉर्ज कार्मन हा इंग्लंडमधला नामांकित, आणि अर्थात महागडा, बॅरिस्टर उभा केला. परवाना वाचला. कार्मनची फीही त्याच पाकिटातून.

मग टोळ्या आल्या. चीटम हिल, सॅलफर्ड, मॉस साइड या भागांतल्या टोळ्यांना गोळ्यांच्या बाजारावर कब्जा हवा होता, आणि त्यासाठी क्लबाचं दार ताब्यात हवं होतं. दारावर कोण उभं आहे यावर आत कोण माल विकणार हे ठरायचं. जानेवारी 1991 मध्ये दारातल्या माणसावर बंदूक रोखण्यापर्यंत मजल गेली, तेव्हा विल्सनने स्वतःहून क्लब बंद केला. मे महिन्यात तो उघडला तो धातुशोधक यंत्रं आणि कॅमेरे बसवून. वातावरण जे बदललं ते बदललंच. मॅडचेस्टर म्हणून मिरवणाऱ्या गावाला वर्तमानपत्रं आता गनचेस्टर म्हणू लागली. सुरक्षेचा खर्च बारच्या गल्ल्यापेक्षा वेगाने वाढला. तरीही या उतरत्या काळात 'फ्लेश' ही समलिंगी मंडळींची रात्र दणक्यात चालली. पंकांच्या टोमण्यांपासून टोळ्यांच्या सुऱ्यांपर्यंत सगळं पाहिलेल्या त्या जमिनीवर ही बहुधा सर्वांत मोकळी, सुरक्षित गर्दी असावी.

इकडे मूळ कंपनी बुडत होती. फॅक्टरीने चार्ल्स स्ट्रीटवर झोकदार मुख्यालय बांधलं, बैठकीच्या खोलीत छतापासून तारांनी टांगलेलं महागडं टेबल बसवलं, आणि नेमकी तेव्हाच जागांच्या किमती कोसळल्या. हॅपी मंडेजला आल्बमसाठी बार्बाडोसला पाठवलं. तिथे गाण्यांपेक्षा क्रॅक कोकेनवर जास्त खर्च झाला. नोव्हेंबर 1992 मध्ये फॅक्टरी दिवाळखोरीत गेली. लंडन रेकॉर्ड्‌स ही मोठी कंपनी तिला विकत घ्यायला आली होती, पण कागद चाळल्यावर लक्षात आलं की विकत घेण्यासारखं फॅक्टरीच्या मालकीचं काही नाहीच. जुन्या कराराप्रमाणे गाण्यांचे हक्क बँडकडे होते. सुरुवातीच्या त्या भाबड्या कलमाने शेवटी कंपनीला बुडवलं, आणि वादकांना तेवढं वाचवलं.

क्लब आणखी पाच वर्षं रखडला. त्याचा शेवट एखाद्या प्रहसनात शोभावा असा झाला. परवाने देणारे दंडाधिकारी शहरातले क्लब पाहायला बसमधून फिरत असताना हासिएंडाबाहेर त्यांच्या डोळ्यांदेखत एका तरुणावर हल्ला झाला. 28 जून 1997 ही शेवटची रात्र ठरली. पीटर हूकने पुढे 2009 मध्ये पुस्तक लिहिलं आणि त्याच्या नावातच सांगून टाकलं, की क्लब कसा चालवू नये याचं हे पाठ्यपुस्तक आहे. त्याचा हिशेब असा, की पंधरा वर्षांत आत आलेल्या प्रत्येक माणसामागे आपल्याला दहा पौंडांचा भुर्दंड पडला. त्यापेक्षा दारातच प्रत्येकाच्या हातात दहाची नोट ठेवून घरी पाठवलं असतं तरी चाललं असतं.

नोव्हेंबर 2000 मध्ये आतल्या सामानाचा लिलाव झाला. विटा, फरशा, दिवे, नाचाच्या जमिनीच्या फळ्या, सगळं लोकांनी उचललं. इमारत पाडली गेली आणि त्या जागी फ्लॅट उभे राहिले. नाव दिलं हासिएंडा अपार्टमेंट्‌स. पार्टी संपली, आता घरी या, अशा आशयाची जाहिरातही बिल्डरने केली. 2002 मध्ये मायकेल विंटरबॉटमने 'ट्‌वेंटीफोर अवर पार्टी पीपल' हा सिनेमा काढला तेव्हा खरा क्लब नव्हताच, म्हणून त्याचा सेट उभारावा लागला. हूकने जमिनीच्या लाकडापासून सहा बेस गिटार बनवून घेतले. क्लबाचं नाव आता हक्काचं व्यापारी नाव आहे आणि ते चालतं. पार्क आणि पिकरिंग 2016 पासून मँचेस्टर कॅमेराटा या वाद्यवृंदाला घेऊन 'हासिएंडा क्लासिकल' करतात. व्हायोलिनवर हाउस वाजतं, आणि पन्नाशी-साठीतली माणसं तिकिटं काढून, आणि या वेळी दारूही पिऊन, नाचतात.

मुंबईतही गिरणीच्या आवारात संगीत आलं, पण वेगळ्या वाटेने. 2007 मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये ब्लू फ्रॉग उघडला. आशुतोष फाटक आणि ध्रुव घाणेकर हे दोघे संगीतकार त्याच्या भागीदारांत होते, म्हणजे इथेही पदरमोड वाजवणाऱ्यांची. त्यांनी मँचेस्टरची चूक केली नाही; आवाजाची रचना आधी केली, बाकी नंतर. 2016 मध्ये तोही बंद पडला. परळच्या गिरण्यांच्या जमिनींवर तोवर पब आणि कार्यालयांची दाटी झाली होती, आणि त्या दाटीत सुरक्षेकडे किती काणाडोळा होत होता ते 29 डिसेंबर 2017 ला मध्यरात्रीनंतर लागलेल्या कमला मिलच्या आगीत 14 माणसं गेली तेव्हा उघड झालं.

रॉब ग्रेटन 1999 मध्ये गेला, विल्सन 2007 मध्ये. विल्सनच्या शवपेटीला फॅक्टरीचा शेवटचा क्रमांक मिळाला : 501. ज्या महापालिकेच्या काळात त्याचा क्लब बंद झाला तिच्याच शहरात, व्हिटवर्थ स्ट्रीटपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आता टोनी विल्सन प्लेस नावाचा चौक आहे आणि तिथे सार्वजनिक पैशाने बांधलेलं कलाकेंद्र आहे. 2023 मध्ये, विल्सन जिथे बातम्या वाचायचा त्या जुन्या ग्रॅनाडा स्टुडिओच्या आवारात, फॅक्टरी इंटरनॅशनल या संस्थेची प्रचंड वास्तू उघडली. नाव फॅक्टरीवरूनच घेतलेलं. बांधकामाचा खर्च सुरुवातीच्या अंदाजाच्या दुपटीहून जास्त होऊन 20 कोटी पौंडांच्या वर गेला. महापालिकेने मग अविवा या विमा कंपनीकडून साडेतीन कोटी पौंड घेतले, आणि इमारतीच्या दारावर पाटी लागली ती अविवा स्टुडिओज अशी.